पावसाळ्यात व्यायाम बंद पडू नये म्हणून तुम्ही काय करता?

सोनचाफा | १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

माझे वय ४९ आहे. मी पुण्यात कोथरूडला राहते आणि शिवाजीनगरच्या एका कार्यालयात लेखा विभागात काम करते. गेल्या दहा वर्षांत मी तीन वेळा जिमचे वर्षभराचे शुल्क भरले आणि तिन्ही वेळा दोन महिने पूर्ण होण्याआधीच माझे जाणे थांबले. आपल्या अंगी चिकाटी नाही, असेच मी प्रत्येक वेळी मनाशी ठरवून टाकले होते. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून मात्र मी आठवड्यातून चार दिवस सकाळी एआरएआय टेकडी चढते आहे, आणि गेल्या पावसाळ्यातला एक खंड सोडला तर हे चौदा महिने टिकले आहे. जिचा व्यायाम पूर्वी दोन महिनेही टिकत नसे, त्याच बाईचा तो आता वर्षभर कसा टिकला, याचा मी बराच विचार केला आणि तो येथे मांडावासा वाटला.

आमच्या इमारतीतल्या एक ६३ वर्षांच्या काकू बरीच वर्षे टेकडीवर जातात. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक अट घातली, की बोलता येईल एवढ्याच वेगाने चढायचे आणि वाक्य तुटायला लागले की थांबायचे. जिममध्ये प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात ट्रेडमिलचा वेग असा ठेवत, की मला धाप लागे आणि माझी नजर समोरच्या घड्याळावर खिळून राही. त्या अर्ध्या तासातला एकही क्षण मला आवडत नव्हता आणि मी केवळ त्यातून पुढे कधीतरी मिळणाऱ्या फळासाठी तो सोसत होते. टेकडीवर फळाचा विचारच मनात आला नाही. काकूंशी बोलणे, वर पोहोचल्यावर लागणारा वारा आणि उतरताना कोथरूडकडे दिसणारे ऊन हेच हवेसे वाटू लागले. शरीराला झालेला फायदा नंतर, जवळजवळ नकळत लक्षात आला. माझे असे ठाम मत झाले आहे, की व्यायाम करतानाच तो बरा वाटला पाहिजे. नंतर बरे वाटेल या आशेवर फार दिवस काढता येत नाहीत.

आता माझी अडचण सांगते. काकू तीन महिन्यांसाठी मुलीकडे बंगळूरला गेल्या आहेत आणि पाऊस तोंडावर आला आहे. गेल्या जुलैत चिखलामुळे माझे पाच आठवडे बुडाले. त्यानंतर पुन्हा सुरू करणे मला पहिल्यांदा सुरू करण्यापेक्षा अवघड गेले, आणि काकू दारात येऊन उभ्या राहिल्या नसत्या तर बहुधा ते झालेच नसते. आपण पावसाळ्यात काय करता आणि गोडी कशी टिकवता, हे कृपया सविस्तर लिहावे.

पायवाट | १२ जून, रात्री ११.०५

सोनचाफा, मी निवृत्त असून लॉ कॉलेजच्या बाजूने वेताळ टेकडीवर २२ वर्षे जातो आहे. पावसाळ्यात टेकडी पूर्ण सोडण्याची गरज नाही, पण वाट बदलावी लागते. मुरमाची रुंद वाट पावसानंतर काही तासांत चालण्याजोगी होते, तर काळ्या मातीच्या पायवाटांवर बुटाला चिखलाचा थर चढतो आणि उतारावर पाय घसरतो. त्यामुळे चढायला आणि उतरायला एकच रुंद वाट घ्यावी, तळव्याला खोल खाचा असलेले बूट वापरावेत आणि एक काठी जवळ ठेवावी.

ज्या दिवशी पावसाची झड लागलेली असते, त्या दिवशी मी पर्वतीला जातो. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, त्या रुंद आहेत आणि पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. दगड शेवाळतो हे खरे, म्हणून उतरताना कडेने आणि सावकाश उतरावे. दोनदा चढून उतरले की माझे त्या दिवसाचे समाधान होते.

गोडीविषयी म्हणाल, तर मला ती पक्ष्यांनी लावली. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग भरून आले की पावशा ओरडू लागतो. त्याचे ते ‘पेर्ते व्हा’ कानावर पडले, की मी घरी येऊन वहीत तारीख लिहितो. तांबट, नाचण, खाणीच्या बाजूला दिसणारे मोर, या सगळ्यांच्या नोंदी त्या वहीत आहेत. आज काय दिसेल याची उत्सुकता असली, की सकाळी अंथरुणातून उठण्यासाठी मनाशी झगडावे लागत नाही. आपणही एखादी वही करून पाहावी. पक्षी नकोत तर रानफुलांची करावी, कारण पावसाळ्याइतकी फुले टेकडीवर इतर कोणत्याही ऋतूत दिसत नाहीत.

स्नायुबंध | १३ जून, सकाळी ७.२०

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे आणि हा धागा वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण काकूंनी घातलेली अट ही आम्ही रुग्णांना सांगतो तीच कसोटी आहे. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, अशी स्थिती असेल तर तो व्यायाम मध्यम तीव्रतेचा समजावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जी शिफारस केली, ती आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे अशा मध्यम व्यायामाची आणि जोडीला किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामाची आहे. म्हणजे आरोग्यासाठी वाक्य तुटेपर्यंत धावलेच पाहिजे, असे नाही.

तीव्रता एका मर्यादेपलीकडे गेली, की शरीर वाढलेल्या श्रमाची कसर जोरजोराच्या श्वासाने भरून काढू लागते आणि तेथून पुढे बहुतेकांना व्यायाम करताना अप्रिय वाटू लागते. नवख्या माणसाची ही मर्यादा फार खाली असते. प्रशिक्षकाला जो वेग हलका वाटतो, तो नवख्याला मर्यादेपलीकडचा असतो, आणि दोष मात्र त्याच्या इच्छाशक्तीला दिला जातो. सोनचाफा, आपल्यात चिकाटी नव्हती हा निष्कर्ष आपण कृपया मनातून काढून टाकावा. आपल्याला फक्त चुकीचा वेग दिला गेला होता.

शेवट कसा होतो, यालाही फार महत्त्व आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना १५ मिनिटे सायकल चालवायला दिली. काहींचा व्यायाम हलका सुरू होऊन जड होत गेला, तर काहींचा जड सुरू होऊन हलका होत गेला. दुसऱ्या गटाला व्यायाम अधिक सुखद वाटला आणि नंतर आठवतानाही त्यांना तो अधिक सुखद आठवला. म्हणून शेवटची पाच मिनिटे मुद्दाम सावकाश चालावे. घरी येताना मनात जी चव राहते, तीच दुसऱ्या दिवशी आपल्याला बाहेर काढते.

पर्वती सुचवली गेली आहे म्हणून एक सूचना देतो. पायऱ्या चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या प्रामुख्याने उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलतो आणि त्यामुळे त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. हे दुखणे एक ते तीन दिवस चढत जाते आणि मग उतरते. ते धोक्याचे नसते, परंतु पहिल्याच दिवशी पाच फेऱ्या करणारा माणूस त्या दुखण्याला घाबरून पुन्हा येत नाही. पहिल्या आठवड्यात एकच फेरी करावी. शरीर एकदा सरावले, की तेवढ्याच पायऱ्यांनी दुसऱ्या वेळी तसे दुखत नाही. मात्र छातीत दडपण, चक्कर किंवा गुडघ्याला सूज असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

जुना तालीमकर | १३ जून, सकाळी १०.१५

वरील सर्व विचार वाचले. मी ७६ वर्षांचा आहे आणि मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे.

माझे बालपण पेठेत गेले. शाळेआधी तालमीत जाऊन तांबड्या मातीत जोर-बैठका काढायच्या आणि मग घरी येऊन आंघोळ करायची, असा आमचा क्रम होता. ते आवडते का, असे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही. लोकमान्यांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट आम्हाला तालमीत सांगितली जाई. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली याच शहरात महाराष्ट्रीय मंडळ उभे केले, तेही व्यायाम हे कर्तव्य आहे या भावनेने. दात घासताना आपण गंमत शोधत नाही. आज मजा वाटली नाही तर उद्या काय करणार? मी आजही रोज २५ सूर्यनमस्कार घालतो. काही दिवशी ते फार चांगले वाटतात, काही दिवशी मुळीच वाटत नाहीत, पण ते होतात. पावसाळ्याचा प्रश्नही मग उरत नाही, कारण सतरंजीएवढी जागा प्रत्येक घरात असते.

सोनचाफा | १३ जून, रात्री ८.३०

काका, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. आपली ही शिस्त पाहून मला फार आदर वाटतो. तरीही मला असे वाटते, की आपल्याला नियम लागला तेव्हा आपल्याबरोबर तालमीतली दहा-बारा मुले होती, वस्ताद होते, जोर काढणाऱ्याचे कौतुक होते आणि कुस्तीतली ईर्ष्या होती. म्हणजे आनंद तेथे होताच. कोणी त्याला आनंद असे नाव दिले नव्हते, एवढेच. मी ज्या वयात सुरुवात करते आहे, त्या वयात ही सोबत आपोआप मिळत नाही, ती मुद्दाम उभी करावी लागते.

दात घासण्याच्या सवयीविषयी आपण लिहिले, त्यावरून आठवले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ लोकांवर सवयींचा अभ्यास केला होता आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. एखादी कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारख्या सोप्या कृतीपेक्षा व्यायामाची सवय मुरायला अधिक वेळ लागला. यातली मला सर्वांत धीर देणारी गोष्ट अशी, की मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याला फारसा धक्का बसला नाही. तेवढे दिवस धरून ठेवायला मला गोडी हवी आहे. एकदा सवय मुरली की आपण म्हणता तो नियम माझ्याही उपयोगी पडेल.

जुना तालीमकर | १३ जून, रात्री ९.१०

वस्तादांची आणि सोबतीची आठवण आपण करून दिलीत, ती रास्त आहे. तालमीतला माझा जोडीदार गेल्यावर माझे नमस्कार चार महिने बंद होते, हे मी वर लिहायला हवे होते.

हिंजवडीकर | १४ जून, रात्री १२.३०

माझे वय ३१ आहे आणि मी आयटी कंपनीत आहे. जाण्यायेण्यात रोज अडीच ते तीन तास जातात. टेकडी, तालीम हे सर्व वाचायला छान वाटते, परंतु माझ्याजवळ रात्री साडेनऊनंतरचाच वेळ असतो आणि तेव्हा मी आमच्या सोसायटीतल्या वाहनतळाला फेऱ्या मारतो. तेथे मोर नाहीत.

मला उपयोगी पडलेली युक्ती अशी आहे, की एक रहस्यकथा मी फक्त चालतानाच ऐकतो आणि घरी आलो की बंद करतो. कॅथरिन मिल्कमन या अमेरिकी संशोधिकेने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हाच प्रयोग केला होता आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्या फक्त व्यायामशाळेतच ऐकायला मिळत होत्या, ते सुरुवातीला इतरांपेक्षा ५१ टक्के अधिक वेळा तेथे गेले. मात्र काही आठवड्यांत हा फरक ओसरत गेला आणि नोव्हेंबरातल्या सुटीनंतर तर विशेष घसरला. माझेही दिवाळीत नेमके तेच झाले. म्हणून या वर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला चालायचे, हे मी आताच कॅलेंडरात लिहून ठेवले आहे आणि त्या दिवसासाठी नवी कथा राखून ठेवली आहे.

आकडे मोजण्याबद्दल मात्र सावध राहावे. मी मनगटावरच्या घड्याळात रोज १०,००० पावलांचे लक्ष्य ठेवले होते आणि सलग ७३ दिवस ते पूर्ण केले. ७४व्या दिवशी ताप आला, साखळी तुटली आणि त्यानंतर दोन महिने मी चाललोच नाही. हा १०,००० चा आकडा मुळात १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, ‘मानपो-केई’ म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, हे मला नंतर कळले.

पायवाट | १४ जून, सकाळी ६.१५

हिंजवडीकर, आकडा जेथून आला तेथून येवो, पण मोजण्यात कित्येकांना खरा आनंद मिळतो. माझी पत्नी रोजची पावले भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात लिहिते आणि महिनाअखेरीस बेरीज करते. मात्र ती रोजच्या आकड्याकडे बघत नाही, महिन्याच्या बेरजेकडे बघते, त्यामुळे तापाचा एक दिवस त्यात सहज सामावतो. आपणही तसे करून पाहावे.

टिपरू | १४ जून, दुपारी २.००

मी २४ वर्षांची आहे आणि एका ढोल-ताशा पथकात ढोल वाजवते. आमचा सराव या आठवड्यात नदीकाठी सुरू झाला. कमरेला ढोल बांधून संध्याकाळी दोन-दोन तास उभ्याने वाजवायचे, एका हाताने टिपरू आणि दुसऱ्या हाताने थापी, आणि ठेका वाढत गेला की खांद्यापासून पोटरीपर्यंत सगळे शरीर कामाला लागते. आमच्यापैकी कोणीही याला व्यायाम म्हणत नाही. पाऊस आला तर ढोलांवर प्लास्टिक घालून आडोशाला थांबतो आणि उघडीप झाली की पुन्हा वाजवतो. तीस-चाळीस जणांचा ठोका एकदम पडतो तेव्हा आपण थांबलो तर तो ठोका फुटेल, या जाणिवेने हात चालत राहतात. एकटीने मी दहा मिनिटेही तेवढ्या जोराने वाजवू शकणार नाही. कानात बोळे मात्र घालावेतच, हे मी प्रत्येक नव्या वादकाला कळकळीने सांगते.

अनंत चतुर्दशीनंतर मात्र सगळे थांबते आणि पूर्वी फेब्रुवारीपर्यंत मी काहीच करत नसे. गेल्या वर्षी आम्ही सहा जणींनी दर रविवारी आतकरवाडीहून सिंहगड चढायचे ठरवले आणि वर पिठलं-भाकरी व मडक्यातले दही खाऊन उतरायचे. नोव्हेंबर ते जानेवारीत आम्ही नऊ रविवार गेलो. सहाही जणी एकदम कधीच आल्या नाहीत, पण तिघी असल्या की निघायचे असा नियम केल्यामुळे बेत मोडला नाही.

अबोली | १५ जून, दुपारी ३.४५

सोनचाफाताई, मला दोन लहान मुले आहेत आणि सकाळी घराबाहेर पडणे शक्य होत नाही. तरीही आपल्या प्रश्नाला माझ्याजवळ एक नेमके उत्तर आहे. आपण कोथरूडमध्येच राहता, तर मंगळागौरीच्या खेळांच्या गटात या. आमच्या गटात २२ जणी आहेत, सर्वांत धाकटी १९ वर्षांची आणि सर्वांत मोठी ६६ वर्षांची. जूनच्या अखेरीपासून मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात ते साडेआठ एका सभागृहात सराव असतो आणि श्रावणात आम्ही बोलावतील तेथे खेळ करतो. झिम्मा, फुगडी, पिंगा, किकीचे पान, आगोटा-पागोटा, लाट्या, गाठोडे असे एकामागून एक खेळ, तेही तोंडाने गाणी म्हणत. पहिल्या दिवशी वीस मिनिटांनंतर मी भिंतीला टेकून बसले होते, आणि ६६ वर्षांच्या मावशी तेव्हाही पिंगा घालत होत्या.

स्नायुबंध | १५ जून, रात्री ९.००

अबोली यांची सूचना उत्तम आहे, कारण त्यात दम, तोल आणि पायांचे बळ या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. सोनचाफा, बसफुगडीपासून मात्र पहिला महिनाभर दूर राहावे. उकिडवे बसून उड्या मारताना गुडघ्यांवर फार मोठा भार येतो. त्याआधी घरी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा सराव करावा. दहा वेळा उठून थांबावे आणि पुन्हा दहा वेळा उठावे, असे आठवड्यातून दोन-तीन दिवस केले तरी चालेल. उभ्या फुगडीत जोडीदार आपल्याच वजनाची असावी आणि फरशी कोरडी असावी. गाणे म्हणता येईनासे झाले, की वेग कमी करावा. येथे कसोटी खेळातच अंतर्भूत आहे.

सोनचाफा | २६ ऑगस्ट, रात्री १०.१०

मंडळी, दोन महिन्यांहून अधिक काळ मी येथे लिहिले नाही, त्याबद्दल क्षमस्व. काय झाले ते सांगते.

जूनच्या अखेरीस मी अबोलींच्या गटात गेले. पहिले तीन सराव मला फार अवघड गेले, ते दमामुळे नव्हे, तर २२ अनोळखी बायकांपुढे चुकण्याच्या संकोचामुळे. दुसऱ्या आठवड्यात मला झिम्म्यात १९ वर्षांच्या मुलीची जोडीदार केले गेले. मी एखाद्या दिवशी गेले नाही तर ती एकटी पडणार होती, त्यामुळे जुलैतल्या ऐन पावसातही मी रिक्षा करून गेले. एकूण १७ सरावांपैकी मी १५ केले. बसफुगडी मी अजून घातलेली नाही. खुर्चीचा व्यायाम करते, आणि खरे सांगायचे तर तो मला मुळीच आवडत नाही. तेवढ्यापुरते मी तालीमकर काकांचे ऐकते आणि सकाळचा चहा उकळत असताना तो उरकून टाकते.

टेकडीवर आठवड्यातून एकदा, रविवारी, रुंद वाटेने जाते. पायवाट यांनी सुचवलेली वही केली आहे. त्यात आतापर्यंत ११ फुलांच्या नोंदी आहेत, त्यांपैकी चारांची नावे मला ठाऊक नाहीत आणि त्यांची केवळ चित्रे काढली आहेत. जुलैच्या एका आठवड्यात, घरी पाहुणे असताना, मी काहीच केले नाही. गेल्या वर्षी अशा खंडाने मला महिनाभर घरी बसवले होते. या वेळी शुक्रवारी सात वाजता मी सभागृहात होते, कारण तेथे माझी वाट पाहणारे कोणीतरी होते.

गेल्या मंगळवारी कर्वेनगरला एका घरी आमचा खेळ झाला. दीड तास झिम्मा, पिंगा आणि फुगड्या झाल्या, आणि घड्याळ बघायचे मला एकदाही सुचले नाही. काल काकूंशी फोनवर बोलले. त्या १५ सप्टेंबरला परत येत आहेत, सोमवारी सकाळी सहाला टेकडीवर जायचे ठरले आहे आणि त्यांना माझ्याकडून आगोटा-पागोटा शिकून घ्यायचा आहे.